अनिवार्य चौकट

यशश्रीने मला बजावले होते, "सर, मागे बसायचं, बोलायचं नाही. मदत तर मुळीच नाही. प्राध्यापक कुठे अडतात तेवढंच पाहायचं."

ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात संगणकाचे काम पाहते. मी तिथलाच निवृत्त ग्रंथपाल. प्राध्यापकांनी आपले लेख, प्रबंध स्वतः जमा करावेत आणि विद्यार्थ्यांना ते घरबसल्या शोधता यावेत, असे डिजिटल भांडार आम्ही दोघांनी उभे केले होते. त्यातली विषयांची यादी माझी. इंदिरानगरच्या घरी बसून दोन वर्षांत चार हजार शब्द जुळवले. विषयाची चौकट भरल्याशिवाय लेख जमाच होऊ नये, हा हट्टही माझाच. ती यादी ठेवायची की काढायची, हे आज प्राध्यापकांना ती वापरताना पाहून ठरणार होते.

वनस्पतिशास्त्राचे ढुंढिराज सर येऊन बसले. द्राक्षांवरच्या भुरी रोगावरचा लेख त्यांना जमा करायचा होता. नाव, वर्ष, फाईल भराभर झाले. मग यादी उघडली. ते खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. 'वनस्पतिरोग' फार खाली होता. सांगावे की नाही, या तगमगीत माझ्या वहीचे पान फाटले.

"ही यादी कुणी केली हो?" ते म्हणाले. "भलताच रिकामा दिसतोय गृहस्थ!"

यशश्रीने माझ्याकडे पाहिले नाही, हे तिचे उपकार.

"एरवी इथे काय करता, सर?" तिने विचारले.

"सगळे करतात तेच." त्यांनी यादीतला पहिला शब्द दाबला. अंकगणित. लेख जमा झाला.

ते गेल्यावर मी म्हटले, "अंकगणित उघड जरा."

तीनशे चाळीसपैकी दोनशे तेरा लेख अंकगणितात होते. पेठ तालुक्यातली नागली, गोदावरीतले मासे, त्र्यंबकेश्वरला पूजेचे साहित्य विकणाऱ्या बायका, सगळे अंकगणित. एक लेख खरोखरच अंकगणितावर होता. यशश्री हसली आणि माझा चेहरा पाहून तिने हसू आवरले. दर महिन्याच्या अहवालात मी लिहीत आलो होतो : सर्व नोंदी परिपूर्ण.

"यादी चांगली आहे, सर," ती म्हणाली. "पण त्यांच्या हातात नको. लेख आला की विषय तुम्ही घाला."

"मला द्राक्षांतलं काय कळतं?"

"मग फोन करून विचारायचं."

तेच तर मला नको होते. नोकरीभर एकाही प्राध्यापकाच्या दारात जाऊन काही विचारायचे मला जमले नाही. चौकट असली की ती विचारते, आपल्याला तोंड उघडावे लागत नाही. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी यादी केली असे मी सगळ्यांना सांगितले होते, स्वतःलाही.

"काढ चौकट," मी म्हटले.

एका मिनिटात निघाली. अंकगणितात अडकलेल्या लेखकांची तिने छापून दिलेली नावे घेऊन मी फोनशी बसलो. उठून पाणी प्यायलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. शेवटी पूजासाहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या सरोजिनीबाईंना लावला. त्यांनी उचलला तेव्हा मी नाव सांगायचेच विसरलो.

"तुमचा प्रबंध... म्हणजे नेमका कशावर आहे?"

"वाचलात तुम्ही?"

"नाही," मी म्हटले. "पण कुणाला तरी सापडायला हवा."

त्या भरभरून सांगू लागल्या. मला त्यांचे बोलणे पुरते लिहूनही घेता येईना.