काट्यावरची फ्लॉपी

जे मुळात पक्कं असतं ते काळाला पुरून उरतं, असं नानासो सांगलीहून आलेल्या राजेश्वरी इंजिनिअरला समजावत होते. त्यांच्या पाठीमागे वजनकाट्याचा कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसला होता आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग पार हमरस्त्याला टेकली होती.

इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात नानासो काट्यावर होते. कॉम्प्युटर बसवणारा माणूस जाताना त्यांच्या हाती एक फ्लॉपी देऊन म्हणाला होता, ही घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. नानासोंनी ते गुरुमंत्रासारखं पाळलं. वजनं घेणारे आणखी दोघं होते; काटा सुरू करणारे एकटे नानासो. नव्या कॉम्प्युटरला फ्लॉपीची खाचच नसते, या एका मुद्द्यावर काट्याचं यंत्र बदलायचंही राहून गेलं होतं. दिवाळीला ते निवृत्त होणार, म्हणून एमडी साहेबांनी आपणहून मुदतवाढीचं काढलं होतं. नानासोंना ती हवीच होती. घरी त्यांच्यावाचून काही अडत नसे.

घोटाळा खंडेनवमीला झाला. पूजेला नटबोल्टचे पाने, करवती, हातोडे मांडले, तिथं नानासोंनी फ्लॉपीही मांडली. काट्यावरचा शिपाई बिरदेव जतचा, भाविक माणूस. वरवर लावलेलं कुंकू पोचत नाही म्हणून त्यानं फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीला कुंकवाचं बोट टेकवलं. आज हंगामाचा पहिला दिवस; फ्लॉपी चालेना, आणि साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगून टाकलं होतं.

"आत देव, भायेर पत्रा," बिरदेव दाराशी पुटपुटला. "मग लावायचं कुटं, नाना?"

राजेश्वरीनं पडद्यावरची ओळ वाचली, फ्लॉपी बाहेर काढली आणि एक कळ दाबली. यंत्र घरघरलं. वजनाचा तक्ता उघडला.



"फ्लॉपी नसताना?" नानासोंनी विचारलं.

"काका, सगळं आतल्या डिस्कवर आहे. यंत्र आधी फ्लॉपी बघतं. खराब दिसली की अडतं, नसलीच की पुढं जातं."

नव्या कॉम्प्युटरवर तरी हा जुना प्रोग्रॅम चालणार नाही ना, असं त्यांनी जरा आशेनं विचारलं. चालतो, ती म्हणाली, सुरुवातीचा एक पर्याय बदलला की झालं; खाचही लागत नाही. मग त्यांचा चेहरा पाहून तिनं आवाज खाली आणला. "मी दुसरी फ्लॉपी भरून देते. साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

तेवढ्यात साहेब आलेच. "झालं न्हवं सुरू? नाना, तुमच्याबिगर काट्याचं काय खरं न्हाई. आन् त्या बिरदेवाला आजच घालवा. फ्लॉपी नासवली त्येनं."

नानासो चष्मा पुसत राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती.

"त्येचा दोष न्हाई, साहेब. फ्लॉपी लागतच न्हवती."

"लागत न्हवती? मग घालत का हुता?"

"सांगितलं हुतं म्हणून."

साहेबांनी नानासोंकडे आणि बिरदेवकडे पाहिलं, बरं म्हणाले आणि गाड्या आत सोडायला लावल्या. बिरदेवची नोकरी राहिली. मुदतवाढीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दिवाळीनंतर नानासोंच्या जागी कुणाला घेतलं नाही. सकाळी आवारातले दिवे मालवायला निघालेला बिरदेव जाता जाता कॉम्प्युटरचं बटण दाबतो.