एका गव्हाणीतली दोन इंजिनं

मी नथूची होडी बोलतेय. होडीने गप्प राहावं हे मलाही कळतं. पण शेजारचा भिका उद्या आपल्या होडीला इंजिनं बसवणार आहे आणि त्याचा सल्लागार नथू आहे, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म दमणच्या किनाऱ्यावरचा. अंग सागाचं, उमेदीची वर्षं खाऱ्या पाण्यात गेली. पहिल्या मालकाने मला विकताना वरून रंगाचा हात मारला आणि "नवीकोरीच समजा" म्हणाला. तेव्हापासून ताज्या रंगावर माझा विश्वास नाही.

मला घेतलं दुधनीच्या नथूने. त्याचं शेत मधुबन धरणात गेलं, बैल विकले गेले. आता त्याच पाण्यावर जाळं टाकायचं होतं. आदल्या पावसाळ्यात त्याच्या भावाचं एकुलतं इंजिन बंद पडलं आणि होडी धरणाच्या उघड्या दारांकडे वाहत गेली. भाऊ कसाबसा वाचला. म्हणून नथूने ठरवलं, इंजिनं दोन घ्यायची. एक बंद पडलं तर दुसरं घरी आणेल.

मापासाठी मला ट्रकवर घालून सिल्वासाला नेलं. जुनी-नवी यंत्रं विकणारा सुकदेव मूळचा खानदेशी, जिभेला साखर लावलेला. त्याने एक जुनं, एक नवं इंजिन पुढे केलं. "काका, सख्खे भाऊ आहेत हे. दोरी एकदा ओढली की चालू."

वापीच्या कॉलेजात शिकणारी नथूची मुलगी ममता सोबत होती. तिने आधी जुन्या इंजिनावर हात ठेवला.

"हे गरम का?"

"उन्हात होतं, ताई."

"पत्र्याखाली ऊन कुठून आलं?"

सुकदेवने लगेच ते फडक्याने पुसायला घेतलं. आम्ही येण्याआधी त्याने ते चालवून ठेवलं होतं. ममताने ते थंड होऊ दिलं. मग दोरी ओढून ओढून सुकदेवच्या अंगाला घाम फुटला, तेव्हा कुठे ते खोकत उठलं.

"बा, हे नको. दोन्ही नवी घे."

"जाणता बैल उठताना कुरकुरतोच. एक जाणता, एक नवखा, अशीच जोडी लावतात."

"इंजिनं आहेत ती, बैल नाहीत."

"तुझ्या पुस्तकात बैल नसतील."

जाणतं उजवीकडे, नवखं डावीकडे, अशी दोघं माझ्या पाठीवर बसली. मग नथूने दोघांच्या नळ्या इंधनाच्या एकाच टाकीला जोडल्या. नवी जोडी एका गव्हाणीत जेवली की एकमेकांना मारत नाही, असा त्याचा अनुभव. मला त्या टाकीचाच संशय होता. झाकण सैल, आणि वल्ह्यावरून ओघळणारं पाणी टपटप आत.

ममताही त्या टाकीकडे रोखून बघत होती. "टाकी बिघडली तर दोन्ही उपाशी मरतील. मग दुसरं घेतलं कशाला?"

नथू जाळं आणायला गेला तेवढ्यात तिने जाणत्याची नळी काढली आणि घट्ट झाकणाच्या वेगळ्या कॅनला लावली.

"हे वेगळं ताट कुणी मांडलं?" नथूने आल्या आल्या विचारलं.

"मी. हात लावू नको."

"बरं. जेवू दे आज वेगळं."

दुपारी आम्ही पाण्याच्या मध्यावर होतो आणि वारा फिरला. धरणाची दारं उघडी होती, पाणी तिकडे ओढत होतं. नवखं इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. नथूच्या हातातलं जाळं सुटलं. जाणतं मात्र खोकत राहिलं. मी एका अंगाला ओढली जात होते, पण ममताने त्याचा दांडा सोडला नाही. आम्ही काठाला लागलो.

टाकीच्या तळाशी पाणी निघालं. ममताने ते बापाला दाखवलं. तो जाणत्यावरून हात फिरवत होता.

"नवखं दमलं. घरी आणलं ते जाणत्याने."

"कॅनने आणलं, बा."

"कॅन काय ओढतो?"

तिने माझ्या काठावर बुक्की मारली. "तू होतीस ना तिथे? सांग की."

आता मी काठावर पालथी पडलेय, तळाला डांबर लागतंय. ममता परीक्षेला वापीला गेलीय. शेजारी बसून नथू भिकाला शिकवतोय, "एक जाणतं घे. आणि दोघांना एकाच टाकीवर जेवू घाल. आमच्याकडे पोरगी ऐकत नाही, म्हणून ताटं वेगळी." भिका मान डोलावतोय. भिकाला पोहता येत नाही.

कुणी दुधनीकडे जात असाल तर भिकाच्या होडीत टाक्या किती आहेत ते बघा. एकच दिसली तर चढू नका. त्यालाही चढू देऊ नका.