दोन तासांचं ऊन

त्या जुन्या शहरात परगावची माणसं माना वर करकरून हिंडायची. कोरीव सज्जे, घुमट, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या, किती पाहिलं तरी त्यांचं मन भरत नसे. मान वर केली की धाकटीच्या चादरीही दिसायच्याच!

धाकटी एका लॉजच्या चादरी धुवायची. गल्ली इतकी अरुंद, की ऊन जेमतेम दोन तास उतरायचं, तेही दुसऱ्या मजल्यापर्यंत. तिच्या खिडकीपासून समोरच्या थोरल्या जावेच्या खिडकीपर्यंत दोरी होती, दोन्ही टोकांना कप्प्या. देवाने दिलेल्या तेवढ्या उन्हावर तिची चूल पेटायची, आणि तिची कधी तक्रार नव्हती.

थोरलीने मात्र अकरा वर्षांत त्या दोरीवर एक रुमाल घातला नव्हता. घराच्या वाटणीत दोघींच्या तोंडून नको ते निघून गेलं होतं. तेव्हापासून बोलणंच बंद. थोरलीचे कपडे गच्चीवर.

एके सकाळी कारकून नोटीस घेऊन खाली उभा राहिला. "गल्ली ऐतिहासिक आहे, बाई. दोऱ्या निघणार. दोन्ही घरांचा वापर असेल तरच राहतील." मग समोरच्या खिडकीतल्या थोरलीकडे तोंड करून ओरडला, "काय हो, ही दोरी तुम्ही वापरता का?"

धाकटीचा जीव टांगणीला लागला. थोरली रोज देवापुढे बसणारी. मेली तरी खोटं बोलायची नाही. झालंही तसंच. थोरली सरळ आत गेली. खिडकी धाडकन लागली. कारकुनाने पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात खिडकी उघडली. थोरलीच्या हातात निथळती चादर.

"आता वापरतेय, दिसत नाही?"

"रोज वापरता का, ते विचारतोय."

"आजपासून रोज. लिहा! आणि तुमच्या घरचे कपडे काय दप्तरात वाळतात?"

खालची माणसं खो खो हसली. कारकून 'दोन्ही घरांचा वापर' असं खरडून निघून गेला.

धाकटीने पाहिलं, चादर धुतलेलीच होती. कपाटातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. नुसती बादलीत बुचकळून आणलेली. तिचे डोळे भरून आले. आपल्या चादरी सावलीकडे ओढत ती म्हणाली, "जाऊबाई, इथे घाला, इथे ऊन आहे... माझी कप्पी जरा कुरकुरते हं."

"मग तेल घाल की तिला! माझ्याकडच्या कप्पीला मी दर महिन्याला घालते. अकरा वर्षं तुझी दोरी काय आपोआप सरकत होती?"

धाकटीने थोरलीसाठी भराभरा चिमटे मोकळे करायला घेतले.