मांडीवरचा नारिंगी पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे; पण कमरेचा नव्हे, विमानातला. दोन वर्षांच्या आतली मुले विमानात आईबापाच्या मांडीवर बसतात. त्यांच्या पोटाभोवती मला बांधतात. माझा रंग नारिंगी, लांबी जेमतेम हातभर. माझ्या पाठीवर नेफ्यासारखी शिवण आहे. तिच्यातून मोठ्या माणसाचा पट्टा ओवला की आई आणि मूल एकमेकांना जोडली जातात.

कारखान्यात तपासनिसाने मला लोखंडी वजन टांगून पाहिले. "हा नाही तुटायचा," असे म्हणून त्याने माझ्यावर शिक्का मारला. आयुष्यातले ते माझे पहिले कौतुक, आणि बराच काळ शेवटचेही. मग नऊ वर्षे विमानाच्या शेपटाकडच्या एका खणात माझा मुक्काम. माझ्यासारखे अकरा जण तिथे गुंडाळून कोंबलेले. ना उजेड, ना वारा. बाहेर निघायचे तेही कुणाला तरी जखडायला! मला पाहताच मुले भोकाड पसरतात, यात नवल ते काय?

एके दिवशी हवाईसेविकेने मला बाविसाव्या रांगेत नेले. खिडकीशी एक आई आणि तिच्या मांडीवर वीस महिन्यांची मुलगी बसली होती. आई तिला मुंगी म्हणत होती. दोघींचाही हा पहिलाच विमानप्रवास. शेजारी एक जाडे काका, समोरची सीट नाकाला टेकलेली, पाय हलवायला जागा नाही. मुंगीचा बाबा जहाजावर कामाला होता. त्याचे जहाज त्या संध्याकाळी सहापर्यंतच बंदरात थांबणार होते. त्यानंतर आठ महिने समुद्र. आईने हे काकांनी न विचारताच त्यांना सांगून टाकले होते.

आईने घाईघाईत स्वतःचाच पट्टा दोघींभोवती आवळला.

"तसं नाही ताई," हवाईसेविका म्हणाली. "हिसका बसला तर तुमचा सगळा भार बाळावर येईल. तिला तिचा वेगळा पट्टा."

तिने मला ओवून दिले. आईने मला मुंगीच्या पोटाभोवती आणले आणि मुंगीने अंगाची कमान केली. साबणाच्या वडीसारखी ती माझ्याखालून सुळकन निसटली. एकदा, दोनदा, तीनदा. विमान चाळीस मिनिटे उड्डाणाच्या रांगेत उभे होते. दारे बंद, हवा कोंदट. मुंगीचा चेहरा माझ्याहून नारिंगी झाला होता.

"एका पोरीपायी दीडशे माणसं खोळंबणार आता!" मागून कुणीतरी कुरकुरले.

काकांनी मान वळवली. "आणि तुम्ही हिच्याएवढे होतात तेव्हा काय, पेपर वाचत बसायचात?"

हवाईसेविका पुन्हा आली. "ताई, आपला नंबर आलाय. पट्टा लागल्याशिवाय विमान उडणार नाही. नाहीच जमलं तर मागे फिरून तुम्हाला उतरवावं लागेल."

"उतरवू नका हो! पुढचं विमान उद्या आहे."

आई मला पुन्हा बांधू लागली. पण तिच्या लक्षात न आलेली एक गोष्ट मला कळत होती. मुंगी मला ढकलत नव्हती. ती माझे बकल स्वतःकडे ओढत होती. सगळ्यांना वाटत होते, पोर पट्टा तोडायला निघाली आहे.

शेवटी आईने हात टेकले. "घे बाई, तूच काय ते कर!"

मुंगीची धडपड थांबली. एका मुठीत माझे एक टोक, दुसरीत दुसरे. जीभ बाहेर. नेम चुकला. पुन्हा चुकला. मग, कट्ट!

काकांनी टाळी वाजवली. मुंगीने त्यांच्याकडे पाहिले आणि मला उघडून टाकले. अख्ख्या रांगेने कपाळाला हात लावला. पण तिने लगेच पुन्हा कट्ट केले आणि या खेपेला बकलावर तळहात दाबून धरला.

"शाब्बास गं माझी इंजिनीयर!" आई हसली आणि तिचे डोळेही पाणावले. दोनच मिनिटांत विमान उडाले.

विमान उतरताच आईने बाबाला फोन लावला. "अरे, उतरलो! हो, वेळेत! कुठे आहेस? दाराशीच? थांब, आलोच!" तिने मला सोडले आणि मुंगीला काखोटीला मारून धावली. मी सीटखाली पडलो. माझ्यावरून कुणाचातरी बूट गेला. बापलेकीची भेट मला दिसली नाही.

आईवर माझा राग नाही. तिच्या जागी कुणीही विसरले असते. पिशवी काढताना काका वाकले, त्यांनी मला उचलून झटकले आणि हवाईसेविकेच्या हातात दिले, म्हणून मी वाचलो. माझे तीन सोबती मात्र असेच सीटखाली पडून हरवले. पट्टा कमी पडला की दुसऱ्या विमानातून तो येईपर्यंत कुणीतरी आई बाळाला घेऊन नुसतीच खोळंबते. म्हणून मित्रांनो, उतरताना एकदा वाकून पाहा आणि आम्हाला हवाईसेविकेच्या हातात द्या. तुमच्या मागून येणाऱ्या बाळाचीही कुणीतरी वाट पाहत असते.