ओट्यावरचं ऊन

"मावशी, माझा इलाज न्हाई. दिवस मावळेपर्यंत मला इथं बसावं लागंल," कोर्टाचे बेलिफ सोपानराव ओट्यावरून म्हणाले. कुलपाची थैली त्यांनी मांडीशी ठेवली. रस्त्यापलीकडे पतपेढीचा माणूस सायकल धरून उभा होता.

आतून कडी होती. गवराबाई दाराशी वाती वळत बसल्या होत्या. लेक कस्तुरा कानाशी लागली, "आये, वकील काय म्हणालं? कडी असली तर दार फोडाया दुसरा हुकूम लागतो. आन् दिवस मावळला की ह्यो आत येत न्हाई. सकाळी कोर्टात स्थगिती मागायचीय. तवर उठू नगंस."

"ऐकलंय, बाई."

चिंचवडच्या या दोन खोल्या गवराबाईंच्या नवऱ्याने, बिरूने, कंपनीत ओव्हरटाइम करून उभारल्या. स्लॅबसाठी घर गहाण टाकलं, आणि पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. बिरू वारल्यावर गवराबाई एका कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागल्या. हप्ते तुंबले, आणि पतपेढीने कोर्टातून घराच्या ताब्याचा हुकूम आणला. दिवेलागणीला दार सताड उघडून देवापुढे दिवा लावायचा, हा नेम मात्र अंगात ताप असतानाही चुकला नव्हता.

गवराबाई उठल्या. कस्तुराने हात धरला.

"लक्ष्मीला आज जरा उशीर झाला तर चालंल की."

"तिच्या येळंला दार लावून बसायचं, तर घर कुणासाठी राखायचं गं?"

कडी वाजली. सोपानराव दाराजवळ आले, हळूच म्हणाले, "मावशी, ओट्यावर अजून ऊन हाय. दमानं घ्या."

"दिसतंय भाऊ. पण दिव्याची येळ झाली."

दोन्ही फळ्या उघडल्या. पतपेढीचा माणूस सायकल ठेवून पुढे आला. सोपानरावांनी वहाणा काढल्या आणि ते आत आले.

दिवा लावून गवराबाईंनी हात जोडले. तोवर ते भिंतीशी उभे राहिले. मग म्हणाले, "भांडी, अंथरूण, देव, सगळं तुमचंच. आवरून घ्या."

कस्तुराने बोचकं बांधलं. देव गवराबाईंनी पदरात घेतले.

"दिवा?" सोपानरावांनी विचारलं.

"असू द्या. लावलेला दिवा हलवत न्हाईत. त्याल हाय त्यात."

कुलूप लागलं. ओट्यावरचं ऊन तेवढ्यात गेलं. दाराखालच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ ओट्यावर आली होती. गवराबाईंनी तिच्यावर पडणारं पाऊल मागे घेतलं, आणि कडेने खाली उतरल्या.