आईकंद

आईला त्या उन्हाळ्यात जेवण जाईना. दही नको, भाकर नको. दिवसभर काळ्या तंबूच्या दारात डोळे मिटून पडायची आणि झोपेतच हसायची. एका दुपारी म्हणाली, "येतेर, सालेप दे गं पोरी. घट्ट. चमचा उभा राहील असा."

सालेप आणू कुठून? दूध घट्ट करणारी ती पिठी ज्या फुलाच्या कंदांची, ते कंद खणूनखणून आमच्याच लोकांनी तोरोसचे डोंगर ओकेबोके केले होते. देवदारांखाली एकच झाड उरलं होतं, जांभळट फुलांचं, पाकळीला लांब दोरे लोंबतात ते. मी ते सगळ्यांपासून लपवलं होतं. भाऊ दुर्मुशपासून तर जास्तच, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

पण आईपुढे कसलं आलंय फूल! "मलाही ने," म्हणाली. गाढवावर बसवून नेलं. धुकं देवदारांतून खाली येत होतं आणि वारा नसताना ते दोरे हलत होते. आई बघत बसली. मला वाटलं, झोपली.

मी खणलं. मुळाशी नेहमीसारखे दोन कंद. सुरकुतलेला तो आई, पांढरा टणक ती मुलगी. आमची रीत अशी की मुलगी घ्यायची आणि आई झाडासकट परत मातीत ठेवायची. म्हणजे झाड जगतं, असं आज्या सांगत आल्या. मी पांढऱ्याला हात घातला.

"थांब," आई म्हणाली. "म्हातारी पुढचा उन्हाळा बघते होय?"

"म्हणजे?"

"मला विचार ना. आयुष्यभर पोरी उपटल्या, म्हाताऱ्या पुरल्या, आणि वर विचारतो फुलं कुठे गेली! अक्कल गहाण टाकलेली आम्ही. पोरीला राहू दे तिथे."

"अगं, या सुरकुतलेल्यात पिठी नाही. पोकळ आहे."

"मीही आहे. घे."

पांढरा मी झाडासकट परत मातीत ठेवला. सुरकुतलेला उकळून, सुकवून, दळून चिमूटभर पिठी निघाली. शेळीच्या दुधात घातली, तरी दूध दूधच राहिलं. चमचा आडवा पडला. "हे काय सालेप?" दुर्मुश पुटपुटला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

आईनं शेवटपर्यंत प्यायलं, ओठ पुसले. "घट्ट झालंय," म्हणाली.

हिवाळ्यासाठी डोंगराखाली जायला तंबू उतरवायच्या आधीच ती गेली.

यंदा वर आलो तेव्हा मी आधी देवदारांकडे पळाले. दोरे लोंबत होते. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. मग दुर्मुशला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.