फळ्यांवरचं निळं

"कुणाच्या डोळ्यात खुपल्या गं माज्या फळ्या? म्होरं ये की!" रंगुबाई पदर खोचून परड्यात उभी राहिली आणि मधल्या भिंतीकडं तोंड करून ओरडली.

वादळात पडलेल्या आंब्याचं निम्मं खोड तिनं कडेगावच्या मिलमधनं कापून आणलं होतं, नव्या घराच्या दारांसाठी. आभाळ सारखं भरलेलं. पांढऱ्याधोट फळ्यांवर निळेकाळे डाग उठले. भिंतीपलीकडच्या धाकट्या जावेनं, मनुबाईनंच, काहीतरी शिंपडलं असणार.

"आक्का, मला काय कामं न्हाईत व्हय?" पलीकडनं मनुबाई म्हणाली.

रंगुबाईची सून स्वप्नाली कराडला जिवाणू खतांच्या लॅबमध्ये कामाला. तिनं फळी निरखली. "आत्या, बुरशी हाय ही. वल्या लाकडाला धरती. उरलेलं खोड कापलं की त्याच दिवशी मातीतल्या जिवाणूंचं पाणी मारू. बुरशीला थाराच मिळायचा न्हाई."

"आन् ह्ये डाग?"

"ते न्हाई जायचे."

"मग औषिद कसलं त्ये?"

कॅन आला. आत गढूळ पाणी, आंबूस वास. रंगुबाईनं नाकाला पदर लावला. "माती कुठली घेतलीस?"

"आपल्या बांधाची."

"बांधाच्या कुठल्या अंगाची? तिच्या का आपल्या?"

स्वप्नाली नुसती हसली. त्या हसण्यानं तर रंगुबाईचा संशय पक्काच झाला. सून जावेला फितूर! उरलेल्या खोडाच्या फळ्या आल्या तशा तिनं चार उचलून गुपचूप कडब्याच्या गंजीमागं सरकवल्या. पाणी न मारता ह्या कोऱ्या राहिल्या की सुनेचं सोंग उघडं पडणार होतं. बाकीच्यांवर स्वप्नालीनं पाणी मारलं.

पावसाची झड उघडली तशी रंगुबाईनं लपवलेल्या फळ्या ओढून काढल्या. निळ्याकाळ्या! परड्यातल्या मात्र कडेचे ठिपके सोडले तर लख्ख. गंजीमागची जागा तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. तिथं मनुबाईचा हात पोचणार कसा?

पुढं मनुबाईच्या फणसाच्या फळ्या आल्या. रंगुबाई उरलेला कॅन बादलीत ओतून भिंतीपाशी गेली.

"मनू, ह्ये आजच्या आज मार. डाग पडायचे न्हाईत."

मनुबाईनं बादलीकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. "काय मिसळलंय यात?"

रंगुबाईच्या जिभेवर लय काय आलं. ते तिनं गिळलं, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापतुर हात बादलीत बुडवला.

"जरा येळ तसाच ठिवा, आक्का," मनुबाई म्हणाली.

रंगुबाईनं ठेवला.